छोट्या बॉक्सिंग कार्यक्रमाची जुळवाजुळव: आधी तिकिटं, मग लढती

छोट्या व्यावसायिक बॉक्सिंग कार्यक्रमाला टीव्हीचे पैसे सहसा मिळत नाहीत. उत्पन्न येतं ते स्थानिक बॉक्सरनं मित्रांना, नातेवाइकांना, जिमवाल्यांना खपवलेल्या तिकिटांतून. म्हणून प्रत्येक लढतीचा हिशोब तिकिटांतच मांडा.

समजा आठ लढती आहेत. हॉल, रिंग, डॉक्टर, अँब्युलन्स, विमा, पंच आणि परवाना मिळून खर्च 240 तिकिटांइतका येतो, म्हणजे दर लढतीवर 30 चा बोजा. पाहुण्या बॉक्सरचं मानधन 30 तिकिटं, त्याचा आणि कोचचा प्रवास-मुक्काम 10. झाले 70. स्थानिक बॉक्सर 100 विकत असेल, तर उरलेल्या 30 मधून त्याचं मानधन आणि प्रमोटरचा, म्हणजे कार्यक्रम भरवणाऱ्याचा, नफा निघतो. तो 55 वर अडकणार असेल, तर लढत जाहीर करण्यापूर्वीच थांबा. तिकिटं मोजून द्या, सही घ्या आणि न विकलेली आठवडाभर आधी परत मागवा. नाहीतर कार्यक्रमाच्या रात्री हातात फक्त गठ्ठे येतात.

आता प्रतिस्पर्धी. नुसते जय-पराजय बघून निवड केली की हमखास फसगत होते. साठ लढती हरलेला, पण त्यांतल्या मोजक्याच वेळा बाद झालेला बॉक्सर नवख्यासाठी सोन्यासारखा असतो: तो पूर्ण फेऱ्या खेळवतो आणि बरंच शिकवून जातो. उलट दहापैकी नऊ जिंकलेल्याचे नऊही प्रतिस्पर्धी कच्चे असू शकतात. शेवटची लढत कधी झाली, कोणत्या वजनात, हार गुणांवर की नॉकआउटनं, नॉकआउटनंतरची वैद्यकीय बंदी संपली का, हे बॉक्सरेकवर (बॉक्सरांच्या लढतींची नोंद ठेवणारी वेबसाइट) आणि बॉक्सिंगच्या नियामक मंडळाकडे तपासा. तिसऱ्याच लढतीत नवख्यापुढे अनुभवी डावखुरा उभा करू नका. आणि दर वेळी पहिल्या फेरीत कोसळणारे पाहुणेही आणू नका. घरचे प्रेक्षक दोन-तीनदा टाळ्या वाजवतात, मग तिकीट घेत नाहीत.

शब्दावर काही सोडू नका. वजनाची मर्यादा, फेऱ्या, ग्लोव्ह किती औंसांचे, मानधन, प्रवासखर्च कोणाचा, वजन जास्त भरलं तर मानधनातून किती कापायचं आणि पाहुणा येऊनही लढत रद्द झाली तर त्याला काय द्यायचं, हे सगळं करारात हवं. उदाहरणार्थ, वेल्टरवेट या वजनगटाची मर्यादा 147 पौंड. पंधरवड्यापूर्वी 158 वर असलेला बॉक्सर "उतरवतो" म्हणाला, तर उतरवेलही, पण रिंगमध्ये पाय जड पडतील आणि धोका वाढेल. त्यापेक्षा दोघांनाही झेपेल असं मधलं वजन आधीच ठरवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, डोळे, मेंदूचं स्कॅन अशा तपासण्यांची यादी मंडळाकडून घ्या आणि अहवालांची मुदत तपासा. लढती गळतात त्या बहुतेकदा अशा कागदांपायी. मुख्य दोन-तीन वजनगटांसाठी तपासण्या झालेला राखीव बॉक्सर ठेवा आणि त्यालाही थोडं मानधन द्या, तरच तो फोन उचलेल.

वेळापत्रक पूर्ण फेऱ्या धरून आखा. तीन मिनिटांच्या चार फेऱ्या विश्रांतीसह 15 मिनिटं घेतात, सहा फेऱ्या 23, आठ फेऱ्या 31. प्रवेश, घोषणा आणि निकाल मिळून दर लढतीमागे दहा मिनिटं वाढवा. लागोपाठ नॉकआउट झाले तर हॉल रिकामा बसतो, म्हणून चार फेऱ्यांची एक लढत कुठेही बसवता येईल अशी तयार ठेवा. अँब्युलन्स जखमीला घेऊन गेली की दुसरी हजर होईपर्यंत पुढची घंटा वाजत नाही. दोन असतील तर खोळंबा टळतो.

किताबाच्या लढतीचा हिशोब वेगळा. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या जागतिक किताब देणाऱ्या संघटना लढतीच्या मान्यतेसाठी शुल्क घेतात. बॉक्सरच्या मानधनातून साधारण 3 टक्के जातात. विजेत्याची अधिकृत (संघटनेनं ठरवून दिलेल्या) आव्हानवीराशी बोलणी फिसकटली तर बंद पाकिटातून बोली लागते आणि सर्वांत मोठी बोली लावणारा प्रमोटर लढत भरवतो. बोलीची रक्कम हेच दोघांचं मानधन; त्याची वाटणी संघटनेच्या नियमांनुसार होते, पण पैसे प्रमोटरला भरावे लागतात, त्यामुळे बोली लावण्याआधी प्रक्षेपणाचा करार हातात हवा. अमेरिकेत 2000 च्या मुहम्मद अली कायद्यानुसार दहा किंवा अधिक फेऱ्यांच्या लढतींतल्या बॉक्सरच्या बाबतीत प्रमोटर आणि मॅनेजर यांचे आर्थिक हितसंबंध वेगळे ठेवावे लागतात.

पाहुण्याचं मानधन त्याच रात्री, मंडळाच्या प्रतिनिधीसमोर, कपातींची चिठ्ठी जोडून द्या. पैसे थकवले की पुढच्या वेळी त्याच्या जिममधला दुसरा कोणीही तुमच्यासाठी येत नाही.