रक्तस्रावी तापाची साथ: या चुका टाळा

विषाणूजन्य रक्तस्रावी तापांबाबतची पहिली चूक त्यांच्या नावातूनच घडते. रक्तस्राव दिसेपर्यंत संशयच घेतला जात नाही. प्रत्यक्षात याच गटातील इबोला या आजाराच्या अनेक रुग्णांत तो शेवटपर्यंत दिसत नाही, आणि सुरुवातीचा ताप, अंगदुखी, उलट्या व जुलाब मलेरिया किंवा टायफॉइडसारखेच असतात. म्हणून मागील तीन आठवड्यांतील प्रवास, आजारी व्यक्तीची शुश्रूषा, अंत्यविधीतील सहभाग, गोचीड चावणे, वन्य प्राण्यांशी संपर्क यांची चौकशी पहिल्याच तपासणीत व्हायला हवी. मलेरियाची चाचणी सकारात्मक आली म्हणून इबोला नाही, असे समजू नये. दोन्ही आजार एकाच रुग्णाला असू शकतात. लक्षणे सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत केलेली पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) चाचणी नकारात्मक आली, तरी ती पुन्हा करेपर्यंत विलगीकरण उठवू नये.

साथ वाढण्याचे ठिकाण अनेकदा रुग्णालयच असते. 1976 मध्ये इबोलाच्या साथीत झैरमधील (आताचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांबुकू येथील मिशन रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाला दिवसभरासाठी अवघ्या पाच सिरिंज मिळत आणि त्याच पुन्हा पुन्हा वापरल्या जात. त्या साथीतील 318 रुग्णांपैकी 280 दगावले. आज सिरिंजबाबत सावधगिरी वाढली आहे, पण संरक्षक पोशाख उतरवताना घाई होते. थकलेल्या कर्मचाऱ्याचा दूषित हातमोजा चेहऱ्याला लागण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. त्यामुळे पोशाख उतरवताना प्रत्येक पायरी पाहणारा सहकारी समोर असलाच पाहिजे. निर्जंतुकीकरणासाठी माणसांच्या अंगावर क्लोरीन फवारणे मात्र अपायकारक आहे.

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कुटुंबाला बाजूला सारणे. मृतदेह अत्यंत संसर्गजन्य असतो, त्याला आंघोळ घालणे किंवा स्पर्श करणे धोक्याचे असते, हे खरेच आहे. तरीही नातेवाइकांशी एक शब्दही न बोलता तो उचलून नेला, तर पुढचा रुग्ण घरातच लपवला जातो आणि दफन रात्री गुपचूप उरकले जाते. 2014 ते 2016 दरम्यान पश्चिम आफ्रिकेत 11,300 हून अधिक बळी घेणाऱ्या इबोलाच्या साथीत हे ठळकपणे दिसले. प्रार्थनेला, अंतरावरून अंत्यदर्शनाला आणि दफनाची जागा निवडायला कुटुंबाला वाव दिला, तर सुरक्षित अंत्यसंस्कारास संमती मिळते.

इबोलाच्या संपर्कातील व्यक्तींवर शेवटच्या संपर्कापासून 21 दिवस लक्ष ठेवावे लागते. मध्येच नवा संपर्क झाला, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी. एर्वेबो ही लस इबोलाच्या झैर प्रजातीविरुद्धच आहे, तेव्हा सुदान प्रजाती किंवा मारबर्ग या इबोलासारख्याच दुसऱ्या विषाणूच्या साथीत तिच्या भरवशावर राहू नये.

रुग्ण बरा झाला की पाठपुरावा सोडून देणे हीदेखील चूकच. इबोलाचा विषाणू वीर्यात कित्येक महिने टिकू शकतो, म्हणून बऱ्या झालेल्या पुरुषांना वीर्यतपासणी आणि निरोध या दोन्ही सोयी गोपनीयता राखून मिळायला हव्यात.