लेप्टो ओळखताना या चुका टाळा

ताप, अंगदुखी आणि प्लेटलेट कमी दिसले की पुण्यात पावसाळाभर केसपेपरवर 'डेंग्यू' लिहून मोकळं होतात. त्यातले काही लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचे असतात. या सवयीची मला चीड येते, कारण तिच्यापायी कमावती माणसं आयसीयूत पोचतात.

२५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत ते घरांत शिरलं. त्यानंतर आठवड्याभराने तिथला एक रिक्षावाला आमच्याकडे आला, दुसरीकडून पाठवलेला. एनएस१ ही डेंग्यूची रक्ततपासणी निगेटिव्ह, तरी डेंग्यू धरून सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवलेल्या. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. पोटरी जरा दाबली तर कळवळला. बायकोला विचारलं, "ताई, हे पुराच्या पाण्यात उतरले होते का?" "अहो डॉक्टर, घरातला गाळ तेच काढत होते. आम्हाला कुणी विचारलंच नाही." रात्री खोकल्यातून रक्त पडलं, एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी. व्हेंटिलेटर लागला, पण वाचला.

त्याचे पहिले रिपोर्ट नीट वाचले असते तरी कळलं असतं. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, इथे चढलेल्या होत्या. बिलिरुबिन (काविळीचं माप) भरपूर आणि एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) जेमतेम दोनशेच्या आत, सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) वाढलेलं, क्रिएटिनिन (किडनीचं माप) चढतं. हे सगळं एकत्र दिसलं की मी लेप्टोच धरतो. सलाईन यातही लागतं, पण मोजून. फुप्फुसांत रक्तस्राव सुरू असताना अंदाधुंद पाणी दिलं की ऑक्सिजन आणखी घसरतो. आणि डोळ्यांचा रंग ट्यूबलाइटखाली नाही, रुग्णाला खिडकीपाशी नेऊन बघा.

दुसरी चूक घाईची वाटत नाही, पण घातक तीच: रिपोर्टची वाट बघणं. आयजीएम, म्हणजे लेप्टोविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी, पहिल्या पाच-सात दिवसांत बहुतेकदा निगेटिव्हच येते. नवे रेसिडेंट तो कागद दाखवून "सर, लेप्टो नाही" म्हणतात. पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) करा, आयजीएम काही दिवसांनी पुन्हा करा, पण औषध आधी. गंभीर रुग्णाला मी तपासणीचं रक्त काढून घेतो आणि पहिला डोस कॅज्युअल्टीतच देतो: सेफ्ट्रिअॅक्झोन रोज १ ग्रॅम, किंवा पेनिसिलिन जी १५ लाख युनिट दर ६ तासांनी, ७ दिवस. डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या सौम्य आजाराला ठीक, कावीळ झालेल्याला गोळ्यांवर घरी पाठवू नका.

पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून बीपी उतरू शकतं. सांभाळा, अँटिबायोटिक बंद करू नका.

पपईच्या पानांचा रस, कावीळ उतरवणं, यात दिवस घालवू देऊ नका.

लघवी होतेय म्हणून किडनी ठीक समजू नका. लेप्टोत लघवी भरपूर होऊनही क्रिएटिनिन चढतं आणि पोटॅशियम खाली जातं, त्यामुळे मी ते रोज बघतो. डायलिसिस लागणार असं दिसलं तर त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टना फोन करा. ही किडनी वेळेत आधार मिळाला तर बहुधा पूर्ववत होते. घरच्यांना कायमच्या डायलिसिसची भीती घालू नका.