पाच भाषांतला ‘नवा’ असा शिका

रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकताना मी विशेषणांची रूपं इंग्रजीवरून घोकायचे आणि हमखास चुकायचे. आता घरी शिकवण्या घेते, तर पहिल्याच दिवशी सांगते: इंग्रजीतलं ‘न्यू’ बाजूला ठेवा, ते कधी बदलतच नाही. आपला ‘नवा’ घ्या.

वहीत लिहा: नवा सदरा, नवी साडी, नवं घर. खाली लॅटिन: नोवुस, नोवा, नोवुम. तीन लिंगं, तीन रूपं. संस्कृत ‘नव’ आणि हे ‘नोवुस’ एकाच कुळातले, त्यामुळे परकं काही शिकतोय असं वाटतच नाही. पुढे लॅटिनमधून निघालेल्या फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीजमध्ये विशेषणांचं नपुंसकलिंग गळालं, म्हणून ‘नवं’वर काट मारा.

पोर्तुगीज नोव्हु-नोव्हा, इटालियन नुओव्हो-नुओव्हा, स्पॅनिश नुएवो-नुएवा. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ‘ओ’वर आघात (उच्चारातला जोर) असला की स्पॅनिशमध्ये त्याचा बहुधा ‘उए’ होतो. आघात पुढे सरकला की ‘ओ’ परत येतो: नावीन्य म्हणजे ‘नोवेदाद’. हे एकदा कानात बसलं की पाठांतर निम्मं कमी होतं.

फ्रेंचला मात्र दोन दिवस द्या. तिथे शब्दच दोन. ‘नफ’ (स्त्रीलिंगी ‘नव्ह’) थेट नोवुसवरून आला, तर ‘नूव्हो’ (स्त्रीलिंगी ‘नूव्हेल’) त्याच्या ‘नोवेल्लुस’ या लहानपणा दाखवणाऱ्या रूपावरून. तोंडी परीक्षेत मी माझ्या सायकलीला ‘नफ’ म्हटलं. बाईंनी विचारलं, कुठून घेतली? म्हटलं, जुन्या बाजारातून. “मग ती नफ कशी?” तिथेच लख्ख उमगलं: नफ म्हणजे आपला ‘कोरा’. घडी न मोडलेली साडी नफ (फ्रेंचमध्ये साडी पुल्लिंगी). जुन्या बाजारातली सायकल माझ्यासाठी नवी, म्हणून ‘नूव्हो’. ‘नूव्हो’ बहुधा नामाच्या आधी येतो, ‘नफ’ नंतर. स्पॅनिशमध्ये शब्द एकच, पण जागेने अर्थ बदलतो: ‘कोचे नुएवो’ म्हणजे कोरी गाडी, ‘नुएवो कोचे’ म्हणजे आधीची जाऊन आलेली, मग ती वापरलेली का असेना.

पाचवी रुमानियन: पुल्लिंगी ‘नोउ’, स्त्रीलिंगी ‘नोउअ’, अनेकवचनी ‘नोय’. हा ‘नोउअ’ नऊ आकड्यालाही म्हणतात, फ्रेंच ‘नफ’ही तसाच. मुलं गोंधळली की फळ्यावर दोनच शब्द लिहिते: नववर्ष, नवरात्र.