कोल्हापूरहून चीज कारखाना पाहायला आणि वाईन चाखायला जाताना

कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध ज्यानं प्यायलंय, त्याला दुधाची चव वेगळी शिकवावी लागत नाही. चीज कारखान्यात हीच जीभ कामाला येते. म्हणून भेटीची वेळ अशी ठरवा की व्हॅटमधलं (चीज करायच्या मोठ्या भांड्यातलं) दूध, कापलेला चक्का (गोठलेलं दूध) आणि मुरलेलं चीज ही तिन्ही एकाच फेरीत पाहायला आणि जमल्यास चाखायला मिळतील. दुपारी तीनला पोचून थेट ताटावर बसलं, तर पैसे तेवढेच जातात आणि पाहायचं सगळं राहून जातं.

कधी जायचं

लहान कारखान्यात रोज चीज बनत नाही. आठवड्यातले काही दिवस बनवायचे, बाकीचे चाकं (चीजचे मोठे गोल गोळे) उलटायचे, धुवायचे, पॅक करायचे. फोनवर तिकिटाच्या आधी एवढंच विचारा : ‘चीज कुठल्या वारी लावता, आणि चक्का किती वाजता कापता?’ सकाळचं दूध आलं की काम सुरू होतं. दूध तापवणं, थंड करणं, विरजण आणि रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) घालणं यात दोन-अडीच तास जातात. म्हणजे कापणी साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान असते, आणि पाहण्यासारखी वेळ तीच.

कोल्हापूर ते पुणे सुमारे २३० किलोमीटर, तिथून नाशिक आणखी २१० च्या आसपास. पुण्याच्या बाजूला जायचं तर पहाटे पाचला निघून कापणी कशीबशी गाठता येते, पण आदल्या रात्री जाऊन राहणं बरं. चीजला जोडून नाशिकची वायनरीही करायची असेल तर दोन मुक्काम धरा. द्राक्षाची तोडणी आणि गाळप पाहायचं तर जानेवारी ते मार्च हा काळ. तेव्हा शनिवार-रविवारी गर्दी फार असते, मधला वार निवडा.

वाईनबद्दल कायद्याचं : महाराष्ट्रात वाईन पिण्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना बहुतेक ठिकाणी जागेवरच मिळतो, वयाचा पुरावा सोबत ठेवा. २ ऑक्टोबरसारखे ‘ड्राय डे’ आणि मतदानाचे दिवस तारीख ठरवतानाच टाळा.

काय घालून जायचं, काय खाऊन जायचं

घरी गोठा असेल तर हे नीट वाचा. धारा काढून त्याच कपड्यांत कारखान्यात जाऊ नका. शेण, चारा आणि मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) यांतले जिवाणू कपड्या-चपलांवरून आत येतात, आणि मुरायच्या खोलीत एकदा शिरले की महिनाभरानं त्रास देतात. अंघोळ, धुतलेले कपडे, वेगळे बूट. गजरा, बांगड्या, अंगठ्या, अत्तर घरीच ठेवा : फूल नि काच दुधात पडू शकते, आणि अत्तराच्या वासात वाईनचा वास कळत नाही. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नये.

न्याहारीला मिसळ नको. तिखटानं जीभ तासन्‌तास पेटलेली राहते, त्यावर तुरट रेड वाईन गेली की आग आणखी वाढते आणि मऊ चीज नुसतं लोण्यासारखं लागतं. तांबडा रस्सा परतीच्या दिवशी. सकाळी उपमा किंवा दूध-भाकरी खा. उपाशीपोटीही जाऊ नका, वाईन लगेच चढते.

व्हॅटपाशी काय पाहायचं

मोठ्या डेअरीत लाखो लिटर दूध बंद नळ्यांतून फिरतं, पाहणाऱ्याला फक्त स्टील दिसतं. लहान कारखान्यात व्हॅट उघडा असतो.

पाश्चरीकरण दोन प्रकारे होतं : ६३ अंशावर ३० मिनिटं, किंवा ७२ अंशावर १५ सेकंद. मग दूध ३०-३२ अंशांपर्यंत उतरवतात, विरजण घालतात, आणि ते जरा कामाला लागलं की रेनेट. आपलं दही आंबटपणानं लागतं. रेनेटनं मात्र दूध जवळजवळ गोड असतानाच गोठतं, आणि तो गोळा सुरीनं कापता येईल इतका एकसंध असतो. गोठायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. कारागीर सुरी तिरकी घालून हलकी उचलतो. चीर सरळ फाटली आणि त्यात स्वच्छ, हिरवट-पिवळी निवळी दिसली, तर कापायची वेळ झाली. चीर ओबडधोबड आणि निवळी दुधाळ असेल तर थांबायचं. घाईनं कापलं तर स्निग्धांश निवळीबरोबर वाहून जातो.

तारांच्या चौकटीनं चक्क्याचे तुकडे करतात. तुकडा जितका लहान, तितकं पाणी जास्त निघतं आणि चीज तितकं कडक होतं. मऊ चीजसाठी तुकडे अक्रोडाएवढे, गौडासारख्या मध्यम कडक चीजसाठी सेंटिमीटरभर, आणि फार कडक प्रकारासाठी तांदळाच्या दाण्याएवढे. या वेळी दोन दाणे मागून खा. दाताखाली किंचित करकरतात आणि चव जवळजवळ दुधाचीच असते. ही चव लक्षात ठेवा, ताटावर बसल्यावर उपयोगी पडेल.

दूध कुणाचं, हे नक्की विचारा. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास, गाईच्यात ४ च्या. दहा लिटर गाईच्या दुधातून कडक चीज साधारण एक किलो निघतं, म्हशीच्या दुधातून मोझरेला दीड किलोच्या वर. म्हशीच्या दुधात कॅरोटीन जवळपास नसतं, म्हणून चीज पांढरंशुभ्र. कॅल्शियम जास्त असल्यानं ते लवकर आणि घट्ट गोठतं. मोझरेलाला, ताज्या चीजला हे उत्तम. पण गाईच्या दुधाची कृती तशीच्या तशी म्हशीच्या दुधाला लावली, तर चीज कोरडं, रबरासारखं होतं आणि मुरायला वेळ घेतं. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाचं चीज करण्याचा कुणाचा विचार असेल, तर कारागिराला तापमान आणि रेनेटचं प्रमाण किती बदलतो हे विचारा. मुख्य गोष्ट तिथंच आहे.

रेनेट कशापासून, हेही विचारायला संकोचू नका. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेलं, म्हणजे शाकाहारी रेनेट वापरतात. पाकिटावर हिरवा ठिपका पाहून घ्या.

मुरायची खोली

आत १० ते १३ अंश तापमान आणि ८०-९० टक्के आर्द्रता असते. गुऱ्हाळातून एकदम पावसाळी विहिरीच्या पायरीवर उतरल्यासारखं वाटतं. हलकी शाल जवळ ठेवा. चाकांना हात लावू नका, बोटाच्या ठशावरसुद्धा नको ती बुरशी धरते.

चांगला कारागीर चुकाही दाखवतो, तुम्ही फक्त विचारायचं. साच्यातून काढल्यावर एक-दोन दिवसांतच चाक फुगलं आणि आत बारीक छिद्रंच छिद्रं झाली, तर स्वच्छता कमी पडली. तेच चाक काही आठवड्यांनी फुगून तडकलं आणि उग्र वास आला, तर बहुधा दुधातून मुरघासाचे बीजाणू आले. ते पाश्चरीकरणानं मरत नाहीत. म्हणूनच लांब मुरणारं चीज करणारे काहीजण मुरघास खाणाऱ्या जनावरांचं दूध घेत नाहीत. मुरघास आता आपल्या जिल्ह्यातही घरोघरी आलाय, तेव्हा दूध घालणाऱ्यांनी हे जाणून घेण्यासारखं आहे. कासदाहावर प्रतिजैविक दिलेल्या गाईचं दूध चुकून मिसळलं, तर विरजणच मरतं आणि अख्खा व्हॅट वाया जातो. साल तडकली तर खोलीत ओलावा कमी. चीज कडवट लागलं तर रेनेट जास्त किंवा मीठ कमी पडलं असण्याची शक्यता.

ताटावर बसल्यावर

चार किंवा पाच प्रकार, प्रत्येकी २०-२५ ग्रॅम पुरेत. चीज फ्रीजमधून काढून लगेच खाल्लं तर वास बांधलेला राहतो. थंड देशांत तासभर बाहेर ठेवतात, आपल्या एप्रिलमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. त्याहून जास्त ठेवलं तर तेल सुटतं.

क्रम सौम्याकडून उग्राकडे : ताजं, मग पांढऱ्या सालीचं मऊ, मग गौडा किंवा चेडर, सगळ्यात शेवटी निळ्या बुरशीचं. निळं आधी खाल्लं की पुढचं काही कळत नाही. मेण सोलून टाकायचं, पांढरी साल खायची. पांढऱ्या सालीच्या चीजला अमोनियाचा झणका आला तर ते जास्त मुरलंय, बाजूला ठेवा. मागता आलं तर एकच मागा : तेच चीज दोन महिन्यांचं आणि आठ महिन्यांचं, शेजारी शेजारी. जुन्यात दाताखाली बारीक खडे लागतात. ते मीठ नव्हे. प्रथिनं फुटून तयार झालेले ते स्फटिक, चीज नीट मुरल्याची खूण.

वाईनचाही क्रम असतो : फेसाळ, व्हाइट, रोझे, रेड, शेवटी गोड. एका वेळी ३० ते ५० मिलि. पेला दांडीला धरा, तळहातानं वाईन तापते. व्हाइट ८ ते १२ अंशांवर, रेड १४ ते १८ वर. रेड ‘खोलीच्या तापमानाला’ हवी असं सांगतात, पण ती खोली युरोपातली. आपल्या उन्हाळ्यात रेडसुद्धा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून आणायला सांगा, नाहीतर नुसता दारूचा वास पुढे येतो.

आधी हुंगा, चीजचा तुकडा चावा, तो तोंडात असतानाच वाईनचा लहान घोट घ्या. ताज्या चीजबरोबर सोव्हिन्यॉं ब्लॉं ही व्हाइट वाईन, कारण तिचा आंबटपणा दुधाळपणा कापतो. मऊ पांढऱ्या सालीच्या चीजबरोबर फेसाळ किंवा शेनिन ब्लॉं (तीही व्हाइट). मुरलेल्या गौडाला शिराज ही रेड. निळ्याला गोड वाईन. सगळ्यात जास्त फसते ती जोडी म्हणजे मऊ चीज आणि कॅबर्ने ही तुरट रेड : तोंडात धातूसारखी चव येते. आवळा खाऊन साय चाटल्यासारखं.

मधे तोंड साफ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाची कडक ज्वारीची भाकरी. ती घरून नेली तरी चालते, आधी विचारून घ्या. बरोबर कोल्हापुरी गुळाचा बोराएवढा खडा न्या आणि सगळं चाखून झाल्यावर जुन्या चेडरबरोबर खाऊन पाहा. मधापेक्षा जास्त जमतो, आमचं हे ठाम मत आहे.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात अपमान काही नाही. पाच पेले ४० मिलिचे म्हणजे २०० मिलि, एका भरल्या पेल्याहून जास्त. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, ती एवढ्यानं ओलांडली जाऊ शकते. चालकानं चाखूच नये. श्रावण पाळणाऱ्यांनी किंवा न पिणाऱ्यांनी फक्त चीजचं ताट सांगावं आणि सोबत बिनसाखरेचं कोकम घ्यावं. त्याचा आंबटपणाही स्निग्धांश कापतो.

घरी आणताना

खरेदी निघताना सगळ्यात शेवटी. थर्माकोलची पेटी आणि गोठवलेल्या जेलच्या पिशव्या घरूनच न्या, चीजला पिशवी थेट टेकू देऊ नका, मधे कागद घाला. पेटी डिकीत नको, एसीच्या बाजूला पायाशी ठेवा. पुण्याहून चार-पाच तासांच्या प्रवासाला कडक चीज सहज टिकतं, ताजं आणि मऊ मात्र बर्फ भरपूर असेल तरच घ्या.

घरी आल्यावर प्लॅस्टिक काढा, बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. लसूण-कांद्यापासून दूर. कडक चीजवर बुरशीचा ठिपका आला तर सभोवती दोन-तीन सेंटिमीटर कापून उरलेलं खाता येतं. मऊ चीजवर नको ती बुरशी आली तर सगळं टाका. फ्रीझरमध्ये फक्त किसलेला मोझरेला चालतो, बाकीचं भुसभुशीत होतं. ताजं चीज तीन दिवसांत संपवा, मुरलेलं तीन-चार आठवडे पुरवून खाता येईल.