खर्ज आणि जवारी: कोकणातल्या घरात शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड ऐकताना आणि जपताना

रेकॉर्ड नीट वाजतेय की नाही हे गळ्यावरून कळत नाही. भीमसेनांचा षड्ज फुटक्या स्पीकरमधूनही पोचतो. कळतं ते तंबोऱ्यावरून. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्याच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झवर आणि खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार ६९ हर्ट्झवर असते. जवारीची, म्हणजे तार घोडीवर घासून उठणारी, झणझण मात्र याच तारांच्या वरच्या स्वरांशांची (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या बारीक स्वरांची), काही हजार हर्ट्झपर्यंत जाणारी. म्हणजे एकाच वाद्यात तळ आणि माथा दोन्ही सापडतात. खर्ज हरवला तर दोष बहुतेक वेळा स्पीकरचा किंवा खोलीचा. जवारी हरवली तर दोष सुईचा, कॅसेटच्या हेडचा किंवा फाइलचा. पुढची सगळी कामं हा एक निकष धरून करायची आहेत.

मोबाइलच्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर पडत नाही. डग्ग्याची (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, खालच्या आवाजाच्या वाद्याची) घुमक आणि खर्ज तिथे संपलाच. मोबाइलवर ऐकायचं असेल तर निदान बरे हेडफोन हवेत.

आधी काय मिळवावं

पहिली निवड उस्ताद अमीर खाँ यांच्या मारवा आणि दरबारीच्या एलपीची. एका बाजूला संध्याकाळ, दुसऱ्या बाजूला उत्तररात्र. लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मधे तंबोरा अगदी उघडा ऐकू येतो. त्यामुळे यंत्राची परीक्षा घ्यायलाही हीच रेकॉर्ड उत्तम. मारवा दिवेलागणीलाच लावा. त्यात पंचम नाही आणि षड्जही झुलवत ठेवलेला असतो, म्हणून ती हुरहुर भर दुपारी पोचत नाही.

दुसरी किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची. ‘सहेला रे’ सगळ्यांना पाठ असतं, पण आधीचा विलंबित ख्याल सोडून थेट तिथे सुई ठेवू नका. त्यांच्या मातोश्री आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर मूळच्या गोव्यातल्या कुर्डीच्या. ते गाव आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. मोगूबाईंच्या रेकॉर्ड कमी, पण लयीचं काम कसं असतं ते कळायला त्या ऐकाव्यातच. फोंड्याजवळच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. साडेतीन मिनिटांचंच गाणं, पण एकही स्वर सैल नाही.

अब्दुल करीम खाँ साहेबांच्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांची एका बाजूची वेळ तीन-साडेतीन मिनिटं. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा खरखरच ऐकू येते, तिसऱ्यांदा ती कानाआड होते. मल्लिकार्जुन मन्सूरांचं मैफलीतलं ध्वनिमुद्रण मिळालं तर स्टुडिओतल्यापेक्षा ते घ्यावं. घरात ज्यांना ख्यालाची सवय नाही त्यांच्यासाठी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’, किंवा जितेंद्र अभिषेकीबुवांची नाट्यपदं. नाट्यसंगीतावरून रागाकडे जाणं ही आपल्याकडची जुनी वाट आहे, त्यात कमीपणा काही नाही.

खोली, पाऊस आणि पन्नास हर्ट्झ

माजघर ऐकायला सगळ्यात चांगलं, कारण बाहेरचा आवाज तिथे कमी येतो. फक्त फडताळातली पितळेची भांडी डग्ग्याबरोबर थरथरतात, तेवढी काढून ठेवावी लागतात. दोन स्पीकरमध्ये सहा फूट अंतर, आणि तुमच्यापासूनही दोन्ही सहा-सहा फुटांवर. उंची बसल्यावर कानाला समांतर. मागच्या चिऱ्याच्या भिंतीपासून किमान फूटभर पुढे ठेवा. भिंतीला चिकटवले तर डग्गा सुजतो आणि खर्ज त्यात बुडतो. नव्या घरात टाइल्सची जमीन आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती असतील तर तानेचे दाणे एकमेकांत मिसळतात. खाली जाड सतरंजी आणि समोरच्या भिंतीवर एक गोधडी टांगली की फरक लगेच कळतो. स्पीकर ज्या टेबलावर आहेत त्याच टेबलावर टर्नटेबल नको. माडीची जमीन लाकडी असेल तर टर्नटेबलसाठी भिंतीत फळी ठोका, नाहीतर कोणी चाललं की सुई उडते.

आषाढात कौलांवर आणि त्याहून जास्त पत्र्यावर पडणारा पाऊस सगळ्या पट्टीत एकदम आवाज करतो, आणि पहिली झाकली जाते ती जवारी. तेव्हा आवाज वाढवून काही साधत नाही. पावसाने उघडीप दिली की आलाप, सर सुरू झाली की द्रुत बंदिश किंवा तबल्याचा सोलो, असा क्रम ठेवावा.

आता घूं आवाज. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे हा आवाज पांढरी पाचच्या जवळ येतो. गायक काळी एकमध्ये असेल तर तो तीव्र मध्यमाच्या किंचित वर पडतो. भूपात मध्यमच नाही, तरी तो सबंध वेळ मागे वाजत राहतो आणि राग आंबल्यासारखा वाटतो. कारण बहुधा अर्थिंगचं असतं. टर्नटेबलमधून निघालेली बारीक तार अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडलेली आहे ना बघा, आणि सिग्नलच्या वायर वीजेच्या वायरींपासून वीतभर लांब ठेवा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वेगळी गुणगुण येते. ती इन्व्हर्टरची असते, तेव्हा अँप्लिफायर उघडत बसू नका. मे अखेर आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या दिवसांत बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, डिश आणि इंटरनेटची वायरही काढा.

दमटपणा

कोकणात रेकॉर्ड वाजवून जितक्या खराब होतात त्याहून जास्त ठेवून खराब होतात. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर राहिली की बुरशी धरते, आणि जून ते सप्टेंबर ती बहुतेक दिवस त्याच्या वरच असते. एक साधा हायग्रोमीटर घ्या आणि कपाटाच्या आत ठेवा, भिंतीवर नको. आतला आकडा ४० ते ५० राहिला पाहिजे.

कॅसेट आणि सीडीसाठी रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्या. २० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. केशरी खडे हिरवे झाले की १२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन तास ठेवले की पुन्हा कामाला येतात. निळे खडे घेऊ नका, त्यांतला कोबाल्ट स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. डबा भर पावसात भरायचा नाही. ओली हवा आणि ओलसर कव्हरं आत कोंडली जातात आणि हवाबंद डबाच बुरशीचा कारखाना होतो. मे महिन्यात, वस्तू सावलीत ठेवून कोरडी झाली की मग भरा.

एलपी उभ्याच ठेवायच्या, आडव्या रचल्या की तळच्या वाकतात. शंभर एलपींचं वजन २५ किलोच्या आसपास जातं, त्यामुळे फळी जाड हवी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर, वाळवीचा माग दिसेल असं. कपाटात जुन्या पद्धतीचा १५ वॉटचा तारेचा बल्ब तळाला लावला तर आतली हवा कोरडी राहते. एलईडीने ऊब मिळत नाही. पण बल्ब आणि रेकॉर्डमध्ये फूटभर अंतर राहू द्या, विनाइल उष्णतेने वाकतं. डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांच्या वाफेने कॅसेट आणि सीडीच्या डब्यांचं प्लास्टिक मऊ पडून चिकटतं.

धुणं

दिवाळी ते होळी हा धुण्याचा काळ. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात आणि वाळल्यावर टिचटिच करतात. गॅरेजमध्ये बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी सीलबंद मिळतं, ते चालतं. विनाइलच्या एलपीसाठी तीन भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरमागे भांडी घासायच्या द्रवाचे दोनच थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं घासायचं नाही, लेबल कोरडं ठेवायचं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुऊन ताटाळ्यात उभी वाळवा. साबण राहिला तर सुईभोवती राखाडी लोळी जमते, आणि जवारी जाते ती तिथेच.

७८च्या तबकडीला अल्कोहोल लावलं तर ती गेली. ती लाखेची असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तिला फक्त पाणी, साबणाचा एक थेंब, आणि ओली ठेवायची मिनिटभरच. सुईही वेगळी लागते. एलपीची सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ला ७५ मायक्रॉनच्या आसपासची. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासत जाते. गाणं मागे आणि खरखर पुढे येते, सुई झिजते ते वेगळंच.

फिरण्याचा वेगही तपासा. ३३⅓ आरपीएमसाठी १८० रेघांची स्ट्रोब चकती ५० हर्ट्झवर चालणाऱ्या, जुन्या चोकच्या ट्यूबखाली स्थिर दिसली पाहिजे. वेग सहा टक्के कमी पडला की पट्टी अर्ध्या स्वराने खाली सरकते, काळी एकचा गायक पांढरी एकचा होतो. रबरी बेल्ट सैल पडल्याने असं होतं, तो बदलायचा.

कॅसेट

लावण्याआधी उजेडात धरून टेपच्या कडा बघा. पांढरे भुरकट ठिपके दिसले तर ती डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडवरून पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर पडवीत, मऊ कोरड्या कापडातून टेप हाताने गुंडाळून काढा. कवच वाकलं असेल किंवा आतली फेल्टची गादी पडली असेल तर रिळं पाच स्क्रूच्या चांगल्या कवचात बदला. वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर टेपला दोष देण्याआधी हेड आयसोप्रोपिलच्या बोळ्याने पुसा. तरी सुधारला नाही तर हेडचा कोन चुकलाय. हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणवा. आलाप लावून, चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने पाव वळणाच्या आतच, केसभर सरकवत जा. एका जागी जवारी अचानक उघडते, झाकण काढल्यासारखी. थांबायचं तिथे. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असल्यामुळे हे दर वेळी करावं लागतं, आणि कंटाळा न करता करावं.

संगणकावर उतरवताना

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलवर, आणि फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या प्रकारात. ७८ आणि जुन्या मोनो एलपीचे दोन्ही चॅनल एकत्र करा, खरखर बरीच घटते. आवाज साफ करणाऱ्या सोयीबद्दल सावध राहा. ती जे सतत एकसारखं वाजतं त्याला गोंगाट समजते, आणि तंबोरा तेच करतो. तिला गोंगाटाचा नमुना द्यायचाच तर सुई टेकल्यापासून तंबोरा सुरू होईपर्यंतच्या सेकंदभराचा घ्या, आणि कमीत कमी लावा. खरखर राहिली तरी चालेल, तंबोरा पाण्यात बुडाल्यासारखा झाला तर पुन्हा मूळ फाइलवर या. एमपीथ्री करायची तर ३२० केबीपीएसची. १२८मध्ये जवारीचा चुरा होतो.

फाइलच्या नावात कलाकार, राग, ताल, साथीदार. कव्हरचा फोटो त्याच फोल्डरमध्ये, कारण इथल्या हवेत कागद आधी जातो. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर डब्यात सिलिका जेलसोबत. तिसरी प्रत मात्र घरापासून लांब हवी. गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या हाती पेन ड्राइव्ह मुंबईला द्या, आणि पुढच्या वर्षी तो परत आणायला सांगून नव्या फाइल भरून पुन्हा पाठवा.