तालुक्याच्या साप्ताहिकाचा इतिहास काढायचाय? आधी शेवटचं पान वाचा

बरेच जण थेट संपादकांच्या घरी जातात, चहा होतो, "बाबांनी सायकलवर अंक वाटले" ऐकतात आणि तेवढंच लिहून मोकळे होतात. जा ना, पण आधी अंक धुंडा.

ऑफिसातली फाइल बहुतेक वाळवीनं खाल्लेली नाहीतर रद्दीत गेलेली असते. मग सार्वजनिक वाचनालय बघा, आणि वकिलांकडचे जुने बस्ते, कारण जाहीर नोटीस छापली की तो अंक पुरावा म्हणून केसला लावतात अन् तिथंच पडून राहतो.

अंक हाती आला की बातम्या राहू द्या, शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मालक-मुद्रक-प्रकाशकवाली ओळ असते ती आधी उतरवा. मुद्रक-प्रकाशकाचं नाव छापणं १८६७ च्या कायद्यापासूनच सक्तीचं, त्यामुळं प्रेस कोणाची होती, कधी बदलली ते तिथं सापडतं. त्याहून भारी म्हणजे फॉर्म ४! दरवर्षी फेब्रुवारी संपला की पुढच्या पहिल्या अंकात मालकी कोणाची ते छापावं लागायचं. मार्चचे अंक तेवढे मिळाले तरी पेपर कोणाकडून कोणाकडं गेला ते समजतं, भावाभावांची वाटणीसुद्धा, जी चहावर कोणी सांगत नाही.

"वर्ष १२, अंक ३०" वरून उलटं मोजून सुरुवातीचं साल निघतं, पण डोळे झाकून नको, मधात बंद पडून नवं डिक्लेरेशन (मॅजिस्ट्रेटपुढं मुद्रक-प्रकाशकानं करायचं निवेदन) घेतलं की काही जण परत वर्ष १ पासून मोजायचे. नावाचंही तसंच. लोकमत आधी यवतमाळला बापूजी अण्यांचं साप्ताहिक होतं, पुढं जवाहरलाल दर्डांनी तेच नाव पुन्हा चालू केलं आणि १९७१ ला नागपुरातून दैनिक काढलं. नाव एक म्हणून पेपर एकच, असं धरून चालू नका.

आरएनआय, म्हणजे पेपरांना नोंदणी नंबर देणारं केंद्र सरकारचं ऑफिस, तेच १९५६ चं, त्यामुळं त्याआधीच्या अंकावर तो नंबर शोधत बसू नका. आणि १९५० पासून ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपला विदर्भ मध्यप्रदेशात होता, तेव्हा जुन्या अंकात "मध्यप्रदेश सरकार" दिसलं तर दचकायचं काम नाही.

तारीखच फाटलेली असंन तर पान उलटं करून बोटं फिरवा. अक्षरं मागून उठलेली लागली तर खिळ्यांची (शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली) छपाई, गुळगुळीत लागलं तर बहुतेक ऑफसेट. आत झडत्या (पोळ्याला बैलांपुढं म्हणतात त्या कविता) छापल्या असतील तर अंक पोळ्याचा, महिना तिथंच मिळाला.

फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबातच नको, ओसरीत सावलीला चादर टाकून मोबाइलनं वरून सरळ फोटो काढा आणि फाइलला साल-महिना-तारीख असं नाव द्या.

हे सगळं झालं की मग संपादकांकडं. पण खिळे जुळवणारे जुने कंपोझिटर काका गावात असतील तर आधी त्यांच्याकडं जा, उधारी कोणाची होती अन् कोणती बातमी ऐन वेळी काढली ते त्यांनाच ठाऊक असते.