पुन्हा कृष्णधवल: पहिला रोल भरण्याआधीची तयारी

फिल्म निवडण्याआधी कॅमेरा उघडा. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा फोम बोटाला चिकटत असेल किंवा त्याचा भुगा पडत असेल, तर तो आधी बदलून घ्या; नाहीतर आत शिरलेल्या उजेडाचे पट्टे निगेटिव्हवर उमटतील आणि तुम्ही दोष डेव्हलपरला, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाला, देत बसाल. झाकण उघडं ठेवून शटर एक सेकंद, अर्धा, पाव अशा वेगांवर दाबून पाहा. बराच काळ पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात बहुधा हे मंद वेगच आधी अडखळतात. मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असेल, तर त्याच्या जागी बसणारा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो आणि पुष्कळ जुने मीटर त्यावर चुकीचं दाखवतात. पडताळा सोपा आहे: स्वच्छ उन्हात, आयएसओ १२५ च्या फिल्मसाठी (हा आकडा फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो), अपर्चर १६ आणि शटर १/१२५ याच्या आसपास आकडा यायला हवा. कपाटात सापडलेला, मुदत संपलेला रोल या वेळी वापरू नका. पहिल्या रोलवर कॅमेरा आणि हात दोन्ही तपासायचे आहेत, त्यात फिल्मचीही शंका नको.

फिल्म ठरते ती तुमच्या उजेडावरून. घरातली माणसं, संध्याकाळ, हातात धरलेला कॅमेरा असं असेल तर ४००: इल्फर्डची एचपी५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स. भरपूर ऊन किंवा ट्रायपॉड असेल तर एफपी४ प्लस, १२५. या जुन्या घडणीच्या फिल्म आहेत, एखादा स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त प्रकाश सहज सांभाळून घेतात. कोडॅकची टी-मॅक्स आणि इल्फर्डची डेल्टा यांचा ग्रेन, म्हणजे चित्रातले दाणे, अधिक बारीक, पण वेळ आणि तापमान यांत त्या काटेकोर. हात बसल्यावर त्यांच्याकडे जरूर वळा. एक्सपी२ सुपर दिसते कृष्णधवल, पण ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेसाठी बनवलेली आहे. घरी डेव्हलप करायचं असेल तर पाकीट नीट वाचून घ्या.

डेव्हलपरबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: फिल्मकडे परतून येणाऱ्याने तो ग्रेनच्या चर्चांवरून निवडू नये, आपण किती वेळाने रोल धुणार यावरून निवडावा. कोडॅकचा डी-७६ १९२७ पासून चालत आलाय आणि इल्फर्डचा आयडी-११ व्यवहारात तोच. एक्सपी२ सोडून वर सांगितलेल्या कुठल्याही फिल्मला चालतो आणि वेळांचे तक्ते सगळीकडे मिळतात. पण तो पावडरीत येतो आणि पाकीट एकदम पूर्ण विरघळवावं लागतं. अर्धी पावडर काढली तर त्यात कुठला घटक किती आला हे कळत नाही. काठोकाठ भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत तो सहा महिने राहतो, अर्ध्या रिकाम्या बाटलीत साधारण दोन. म्हणून एक लिटर करून लहान बाटल्यांत गच्च भरा. एका ३५ मिमी रोलला डेव्हलपिंगच्या बंद टँकमध्ये सुमारे ३०० मिली द्रावण लागतं; १+१, म्हणजे तेवढंच पाणी, मिसळलं तर एका लिटरमध्ये सहा रोल होतात. तेवढे रोल सहा महिन्यांत होणार नसतील, तर रोडिनल घ्या. १८९१ पासूनचं हे दाट द्रावण उघडलेल्या बाटलीतही वर्षानुवर्षं टिकतं, लागेल तेवढंच काढून १+२५ किंवा १+५० मिसळायचं. ४०० च्या फिल्मवर त्याचा ग्रेन ठसठशीत दिसतो, १२५ वर मला तो फार देखणा वाटतो.

थर्मामीटर हवाच. एचपी५ प्लसला आयडी-११ मध्ये १+१ प्रमाणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात. खोली गरम असेल आणि द्रावण २४ अंशांवर असेल तर हीच वेळ नऊच्या आसपास येते. पाणी न मिसळलेल्या मूळ द्रावणात २० अंशांचीच वेळ साडेसात मिनिटं आहे, २४ ला ती पाचवर येते आणि ओतण्या-काढण्यातला थोडासा उशीरही महागात पडतो. गरम दिवसांत पातळ मिसळण्याचा फायदा हाच. हलवण्याची लय एकच ठेवा: दर मिनिटाच्या सुरुवातीच्या दहा सेकंदांत चार वेळा टँक उलटा-सुलटा, मग बुडबुडे सुटायला तळ हलकेच आपटायचा.

बाकी स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारा), फिक्सर (चित्र कायम करणारा), वेटिंग एजंट (वाळताना पाण्याचे डाग टाळणारा), चिमटे आणि बिनधुळीची जागा. टँकमधलं, फिल्म गुंडाळायचं रीळ पूर्ण कोरडं करा, ओल्या रिळात फिल्म अडकते. एक वाया गेलेला रोल आधी उजेडात, मग डोळे मिटून, रिळावर चढवायचा सराव करा.

फिल्म टँकमध्ये घालण्याआधी लीडरचे, म्हणजे रोलच्या सुरुवातीच्या जिभेचे, दोन तुकडे कापून ठेवा. एक उजेडातच डेव्हलपरमध्ये टाका; काळा झाला नाही तर ते द्रावण वापरू नका. एक्सटॉलसारखा डेव्हलपर रंग न बदलताही मरतो, त्यामुळे नजरेवर भरवसा नको. दुसरा फिक्सरमध्ये टाका, पारदर्शक व्हायला लागलेला वेळ मोजा आणि त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करा.

निगेटिव्ह वाळल्यावर चित्रांआधी कडेची छापील अक्षरं पाहा. ती कारखान्यातच एक्स्पोज झालेली असतात. अक्षरं गडद आणि चित्रं फिकी असतील तर प्रकाश कमी पडला, पुढच्या रोलला मीटर ४०० ऐवजी २०० वर लावून मोजा. अक्षरंही फिकी असतील तर वेळ, तापमान किंवा डेव्हलपर तपासा. सावल्यांत तपशील नीट आलेला आणि आकाश फार दाट असेल तर पुढच्या वेळी डेव्हलपिंगची वेळ दहा टक्क्यांनी कमी करा, फिल्म आणि डेव्हलपर तेच ठेवून.